सेमाडोहचा उतार

उन्हाळ्यात वऱ्हाडातला माणूस गाडी काढून उत्तरेला निघाला, की परतवाड्यात त्याची आवडनिवड कळते. धामणगाव गढीच्या बाजूने गेला तर तास-दीड तासात चिखलदरा. तिथे वारा आहे, भीमकुंड आहे, गाविलगड आहे, कॉफीची झाडं आहेत आणि सुटीतली गर्दीही आहे. बिहालीकडे सरळ निघाला तर घाट चढून, पुन्हा उतरून तो सिपना नदीच्या काठी सेमाडोहला पोचतो. तिथे थंड हवा नाही. वैशाखातल्या दुपारी सेमाडोह चांगलं तापतं. तरीही वैशाखात हाच रस्ता धरावा असं माझं ठाम मत आहे. परतवाडा, बिहाली, घटांग, सेमाडोह, कोलकास, हरिसाल, धारणी आणि पुढे मध्य प्रदेश, अशी त्याची चाल. चांगल्या बंदिशीसारखा तो सगळा एकदम हाती लागत नाही. म्हणून त्याचं हे रसग्रहण.

आमची गाडी म्हणजे आतून बदलून घेतलेला टेंपो ट्रॅव्हलर: दोन बाक, त्यांचाच रात्री पलंग, एक शेगडी, पाण्याची टाकी आणि मागच्या दाराला डासांची जाळी. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून अशा गाडीकडे लोक जरा कमी आश्चर्यानं पाहतात. उन्हाळ्यात तिचं छत दुपारी दोनला तव्याइतकं तापतं, हे मात्र कुठलं धोरण सांगत नाही. वाचनाच्या दृष्टीनं तिचा एकच गुण मोठा आहे: ती घाटात पळत नाही. आणि हा रस्ता पळवला तर त्यात काही उरत नाही.

सोबत वाघ्या. नाव वाघ्या, जात गावठी. परतवाड्यापर्यंत तो खिडकीत. त्यापुढे मात्र नाही, कारण सेमाडोह मेळघाट व्याघ्र प्रकल्पात आहे आणि व्याघ्र प्रकल्पात पाळीव कुत्र्याला जागा नाही. नावात वाघ असला तरी नियम बदलत नाही. त्यामुळे वाघ्याचा मुक्काम परतवाड्याला माझ्या मोठ्या बहिणीकडे, माठाच्या ओल्या वाळूवर. त्याच्या रुसव्यासकट.

अमरावती ते परतवाडा हे पन्नासेक किलोमीटर मी वाचत नाही, चाळतो. नांगरून ठेवलेली काळी वावरं, कपाशीच्या पऱ्हाट्यांचे ढीग, अचलपूर-चांदूर बाजार भागातल्या संत्र्याच्या बागा. अचलपूर एकेकाळी वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी होतं, पण घाईच्या प्रवाशाला आज तिथे फक्त अडणारी रहदारी दिसते. पाहण्यासारखी गोष्ट क्षितिजावर आहे. सातपुड्याची गाविलगड रांग इथे टेकडी-टेकडीनं चढत जात नाही, सपाट गाळाच्या जमिनीतून ती एकदम भिंतीसारखी उभी राहते. या रांगेच्या दक्षिण पायथ्याशी भूस्तराचा भंग आहे, आणि वऱ्हाडचं पूर्णाखोरं त्याच्या खालच्या बाजूला. दक्षिणेला कडा, उत्तरेला पसरट उतार: पुढच्या सगळ्या रस्त्याचा अर्थ या एका ठेवणीत आहे.

ही ठेवण १८०३ मध्ये इंग्रजांच्या फौजेला कळली होती. २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई जिंकून आर्थर वेलस्ली गाविलगडाकडे वळला. दक्षिणेकडून गड म्हणजे नुसता कडा. म्हणून त्याच्या हाताखालच्या कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीनं डोंगरातून वाट फोडत अवजड तोफा ओढत गडाच्या उत्तरेला नेल्या, आणि १५ डिसेंबरला गड पडला. घाटात आपली गाडी दुसऱ्या गिअरवर कण्हू लागली, की त्या तोफा ओढणाऱ्या बैलांची आणि माणसांची मला हमखास आठवण होते. गड जिंकणाऱ्याचं नाव इतिहासात राहिलं, वाट फोडणाऱ्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत.

बिहाली सोडली की चढ लागतो आणि खरं वाचन सुरू होतं. पावसाळ्यात याच घाटाचे फोटो निघतात: धुकं, धबधबे, हिरवं एके हिरवं. मला त्या हिरव्यात काही दिसत नाही. सगळं झाकलेलं असतं. वैशाखात सागानं पानं टाकलेली असतात आणि डोंगर पारदर्शक होतो. कुठली धार कुठे वळते, नाला कुठून येतो, दगडाचे थर कसे आडवे बसलेत, सगळं उघडं. सागाची मोठाली वाळकी पानं रस्त्याच्या कडेला साचतात आणि एखादं पाखरू त्यांवरून चाललं तरी जनावर आल्यासारखा आवाज होतो. सागाच्या करड्या गर्दीत मधेच कहांडळाचं पांढरंफटक खोड उभं असतं. त्याला लोक भुताचं झाड म्हणतात, ते उन्हाळ्यात पाहिल्यावर पटतं. सालई आणि धावडाही पर्णहीन. मग एका वळणावर बहावा, सगळाच्या सगळा पिवळा. एवढ्या काटकसरीच्या देखाव्यात तो एकटा उधळा.

या उघड्या फांद्यांचा आणखी एक लाभ. रानपिंगळा नावाचं लहानसं घुबड १८८४ नंतर कुणाला खात्रीनं दिसलं नव्हतं, ते संपलं असंच धरलं होतं. १९९७ मध्ये ते शहाद्याजवळ पुन्हा सापडलं, पुढे मेळघाटातही आढळलं, आणि आज हे जंगल त्याच्या मोजक्या आधारांपैकी एक आहे. घुबड असून ते दिवसाउजेडी बसतं, तेही उघड्या फांदीवर. पानगळीचं सागवान नसेल तर ते नजरेला पडणं कठीण. दिसेलच असं नाही. पण दिसायचं असेल तर याच दिवसांत.

घटांगला चहासाठी थांबावं. मेळघाटचा खवा वऱ्हाडात नावाजलेला आहे. इथल्या गवळ्यांच्या दुधाचा तो भट्टीवर आटवलेला, किंचित करपट वास असलेला खवा खाल्ल्यावर शहरातला खवा पिठूळ वाटतो. हॉटेलवाल्यानं आमच्या गाडीला एक फेरी मारली.

"भाऊ, हे फिरतं घर व्हय का?"

"हो, तसंच समजा."

"मंग रातच्याला कुठं जंगलात नोका थांबू. सीधं सेमाडोहले जा, तिथं थांबा. अन् कुत्रं-गित्रं नाही ना संगं? बिबट्याले कुत्रं लय आवडते."

सगळ्या नियमावल्यांचं सार त्यानं चहा गाळता गाळता सांगून टाकलं.

आता या रस्त्यातलं माझं सर्वांत आवडतं ठिकाण. तिथे थांबण्यासारखं काही नाही. चढ संपतो, गाडी हलकी होते, आणि आपण पाणलोटाची रेघ ओलांडतो. मागे पडलेलं पाणी सापन, चंद्रभागा, शहानूर अशा नद्यांतून वऱ्हाडात उतरून पूर्णेला मिळणार. पुढचं पाणी सिपनेतून तापीला. दोन्ही वाटा वेगळ्या, दोन्ही प्रदेश वेगळे. पूर्णा अमरावती, अकोला, बुलढाणा पार करत जाते, खारपाणपट्ट्यातून, जिथे विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. सिपना सागवनातून, खडकांतून, गोड पाण्यानं. आणि शेवटी पूर्णासुद्धा जळगाव जिल्ह्यात चांगदेवला तापीलाच मिळते. म्हणजे घटांगच्या वरच्या अंगाला एकाच सरीतले दोन थेंब दोन बाजूंना पडले, तर त्यांची भेट थेट चांगदेवला. उन्हाळ्यात दोन्हीकडे थेंबही नसतो, तेव्हा ही गोष्ट जास्त लख्ख कळते. कोरड्या नाल्यांची तोंडं कुठे वळलीत ते नुसतं पाहत जायचं.

मग उतार. चिखलदऱ्याचा रसिक चढाचा असतो, सेमाडोहचा उताराचा. दक्षिणेची चढण तावातावानं येते आणि संपते. उत्तरेचा उतार लांबतो, रेंगाळतो, मधेच सपाट होतो, परत खाली जातो. रस्ता अरुंद आहे. समोरून एसटी आली की आपल्या रुंद गाडीला कडेच्या मातीत उतरावं लागतं. कुणी म्हणतं रुंद करा, कुणी म्हणतं अजिबात नको. मी दुसऱ्या पक्षाचा, पण मोकळेपणानं नाही: धारणीकडच्या माणसाला मोठ्या दवाखान्यासाठी याच वळणांवरून परतवाड्याला, अमरावतीला यावं लागतं. आपल्याला रमणीय वाटणारं वळण रुग्णवाहिकेतल्या माणसाला तसं वाटत नाही. या रस्त्याची स्तुती करणाऱ्यानं एवढं ध्यानात ठेवावं.

उतरता उतरता एका क्षणी करड्या रानात हिरवी रेघ दिसते. अर्जुन, जांभूळ, करंज. तीच सिपना. सगळं जंगल पानं टाकून बसलेलं असताना तिनं आपल्या काठची झाडं हिरवी ठेवलेली असतात. मे महिन्यात तिचा प्रवाह तुटतो, पण बेसॉल्टच्या खडकात कोरलेल्या खोलगट जागी पाणी राहतं. ते डोह हेच इथल्या उन्हाळ्याचं केंद्र. सांबर, गवे, अस्वलं, रानकुत्री, वाघ, सगळ्यांना शेवटी तिथेच यावं लागतं. पावसाळ्यात पाणी सगळीकडे असतं, म्हणून जनावर कुठेच दिसत नाही. उन्हाळा जंगलाला मोजक्या जागी गोळा करतो. वैशाख पौर्णिमेला पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर रात्र काढायचा उपक्रम मेळघाटात होतो, त्यामागे हेच साधं गणित आहे.

सेमाडोह गाव लहान. कोरकूंची घरं समोरासमोर दोन ओळींत, मधे रुंद गल्ली, कुडाच्या भिंती सारवलेल्या. कोरकू भाषा मुंडा कुळातली. तिचे सख्खे नातेवाईक झारखंड-ओडिशाकडे, आणि हे टोक इतकं पश्चिमेला, मराठी-हिंदीच्या मधोमध. व्याघ्र प्रकल्पाचं पर्यटन संकुल गावाला लागूनच. मेळघाट हा १९७३-७४ मध्ये देशात सुरू झालेल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांतला एक. अरण्यलेखक मारुती चितमपल्ली इथे उपसंचालक होते. कॅम्परवाल्यानं रात्री या संकुलाच्या आवारात परवानगीनं राहावं. रानात गाडी लावून तारे बघण्याची हौस इथे चालत नाही, चालूही नये.

रात्री गाडीचे दिवे बंद केल्यावर वाघ्याची उणीव फार जाणवते. कुत्रा सोबत असला की तो आपल्या वतीनं ऐकतो. कान टवकारतो, गुरगुरतो, आणि आपण निश्चिंत होतो. तो नसला की ते काम आपल्याकडे येतं. रातव्याचा एकसुरी ठोका, पावशाची चढत जाणारी ओरड, मग नदीपलीकडून सांबराचा एकच खणखणीत इशारा. पुढची पंधरा मिनिटं काही नाही. वाघ्या असता तर त्या इशाऱ्यावर तो भुंकला असता आणि ती पंधरा मिनिटं आमच्या वाट्याला आली नसती.

जॉन स्टाइनबेकनं १९६० च्या सप्टेंबरात चार्ली नावाच्या पूडलला घेऊन, ट्रकवर बसवलेल्या छोट्या घरातून अमेरिकेची फेरी केली. आधी उत्तरेला मेनपर्यंत, मग पश्चिमेला. १९६२ मध्ये त्या प्रवासाचं पुस्तक आलं आणि कुत्रा-कॅम्परची हौस जगभर पसरली. त्यातले सगळे मुक्काम त्या गाडीत झाले नव्हते, हॉटेलांतही झाले होते, हे पुढे मार्ग तपासणाऱ्यांनी दाखवून दिलं. मला त्याचं दुःख नाही. मला त्या पुस्तकातला यलोस्टोनचा प्रसंग सर्वांत खरा वाटतो. आपला कुत्रा किती सौम्य आहे याची ग्वाही देत लेखक उद्यानात शिरतो. अस्वल दिसताच चार्ली असा पिसाळल्यासारखा होतो की लेखकाला गाडी वळवून बाहेर पडावं लागतं. प्रसंग विनोदी आहे, पण तो विनोद घरच्या कुत्र्यावर नसून त्याला पूर्ण ओळखल्याच्या मालकाच्या खात्रीवर आहे.

आणि इथे प्रश्न भुंकण्यापुरता नाही. २०१८ मध्ये गीरला काही आठवड्यांत वीसहून जास्त सिंह मेले, त्या मृत्यूंमागे कुत्र्यांमध्ये आढळणारा डिस्टेंपरचा विषाणूही निघाला. शिवाय मेळघाटाचा स्वतःचा कुत्रा आहेच: तांबूस, झुपकेदार शेपटीचा, कळपानं शिकार करणारा, भुंकण्याऐवजी शीळ घालणारा रानकुत्रा. त्याच्या घरी आपला कुत्रा नेऊन आजार ठेवून येणं हा पाहुणचार नव्हे.

सेमाडोहनंतर रस्ता काही काळ सिपनेचा हात धरून जातो. कोलकासचं विश्रामगृह नदीच्या वळणावर उंचावर आहे, तिथली संध्याकाळ चांगली असते. पण सेमाडोहपर्यंत जे मिळालं तेच तिथे पुन्हा, थोडं सजवून. हरिसालपासून जंगल विरळ होतं, शेतं दिसू लागतात, आणि धारणीला बाजारपेठेची गजबज. इथून बऱ्हाणपूर, खंडवा, इंदूर असा मोठा पल्ला मारणारे मारोत. अकोला-खंडवा मीटरगेज गाडी धूळघाटाच्या वळशातून जायची, ती २०१६ अखेर बंद पडल्यापासून वऱ्हाडातून थेट उत्तरेला जायची जुनी वाट तुटली आणि या रस्त्यावरचा भार वाढला असं मला वाटतं. रसाच्या दृष्टीनं मात्र हरिसालपुढचा भाग बेताचा. मी तिथूनच मागे वळतो.

परतीचा प्रवास उलट वाचल्यासारखा होत नाही, तो निराळाच रस्ता असतो: लांब, शांत चढ आणि शेवटी वऱ्हाडात कोसळणारा उतार, तोंडावर उष्ण झळ. त्याबद्दल पुन्हा केव्हातरी.

जायचं असेल तर मृगाचा पाऊस पडण्याआधी जा. पावसाळ्यात गाभाक्षेत्र पर्यटनाला बंद असतं. राहण्याची परवानगी आधी काढा, पिण्याचं पाणी परतवाड्याला भरून घ्या, घटांगला खवा घ्या, सूर्य मावळायच्या आत सेमाडोहला पोचा. कुत्रं परतवाड्याच्या पुढे नेऊ नका.