कपाची किंमत, गाडीची किंमत

मी नारायण पेठेत ज्या वाड्यात भाड्याने राहते, त्याच्या चौकात घरमालक काकांची मारुती ८०० उभी असते. २००८ साली घेतलेली, पांढरी, राखाडी कव्हराखाली. वाडा आता पुनर्विकासाला जायचाय. नव्या इमारतीत काकांच्या वाट्याला एकच पार्किंग आहे, आणि तिथे मुलाची मोठी गाडी लागावी असं मुलाचं म्हणणं. मागच्या गणपतीत दादा बेंगळुरूहून आला होता. चहा पिताना त्याने मोबाईल पुढे केला. जुन्या गाड्या घेणाऱ्या एका ॲपने ४५,००० रुपये सांगितले होते. काका म्हणाले, "दोन लाख दिले तरी नाही." यावर दादाचं उत्तर, "बाबा, ह्याला एंडाउमेंट इफेक्ट म्हणतात. आपल्या मालकीची वस्तू माणसाला उगाच महाग वाटते. हिलाच विचारा, तिचा पीएचडीचा विषय आहे."

मी मान डोलावली. खरं सांगायचं तर ती शब्दयोजना दादाला मीच शिकवली होती, जिन्यात गप्पा मारताना. काका काही बोलले नाहीत. कप उचलून आत गेले.

मी कशाच्या जोरावर मान डोलावली, ते आज तपासायचंय. तुमच्यापैकी जे पेट देताय किंवा सिनॉप्सिस लिहायला बसलाय, त्यांना हा पेपर कुठे ना कुठे भेटणारच. डॅनियल कानमन, जॅक क्नेच आणि रिचर्ड थेलर यांचा, 'जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी'मधला, १९९० सालचा. एंडाउमेंट इफेक्ट हे नाव थेलरने १९८० मध्येच दिलं होतं, पण पाठ्यपुस्तकांत उदाहरण येतं ते याच पेपरातल्या कॉफीच्या कपांचं.

प्रयोग साधा आहे. कॉर्नेल विद्यापीठात ४४ विद्यार्थी. त्यातल्या निम्म्यांना, म्हणजे २२ जणांना, विद्यापीठाचं चिन्ह असलेला एकेक कप दिला. पुस्तकांच्या दुकानात तो ६ डॉलरला मिळायचा. मग बाजार भरवला. कप कोणाला मिळाला हे योगायोगावर होतं, म्हणजे ज्यांना कप जास्त आवडतात ते निम्मे मालकांत आणि निम्मे बाकीच्यांत असणार. त्या हिशेबाने साधारण ११ कप हातोहात बदलायला हवेत. चार फेऱ्यांत बदलले किती? ४, १, २ आणि २. मालकांची मागणी मध्यकाने ५.२५ डॉलर, घेणाऱ्यांची तयारी २.२५ ते २.७५ डॉलर.

वाचताना बहुतेक जण इथेच थांबतात, मीही थांबले होते. पेपरची खरी ताकद याच्या आधीच्या आणि नंतरच्या पानांत आहे. कपांच्या आधी त्यांनी टोकनांचा बाजार भरवला होता. प्रत्येक टोकनाचे किती पैसे मिळणार हे ज्याला त्याला ठरवून दिलेलं. तिथे सौदे अपेक्षेइतकेच झाले. म्हणजे पोरांना बाजाराचे नियम कळले नव्हते, किंवा घासाघीस करायची सवय नडली, असं सरळ म्हणता येत नाही. आणि नंतर, सायमन फ्रेझर विद्यापीठात, त्यांनी तिसरा गट आणला. या गटाकडे कप नव्हता, पण निवड मालकासारखीच होती: कप घेऊन जा, नाहीतर अमुक पैसे घेऊन जा. हा गट म्हणजे फक्त मालकी काढून घेतलेला मालक. त्यांचा आकडा ३.१२ डॉलर, मालकांचा ७.१२, विकत घेणाऱ्यांचा २.८७. बघा, निवडणारे विकत घेणाऱ्यांच्या शेजारी जाऊन बसले, मालक एकटे वर राहिले. माझ्या मते संपूर्ण पेपरातला सर्वांत सुंदर तक्ता हाच.

आता तो तक्ता घेऊन वाड्याच्या चौकात या.

पेपर मालकाच्या मागणीची तुलना कशाशी करतो? त्याच खोलीतल्या, तोच कप हातात घेऊन पाहिलेल्या, पण कप नसलेल्या माणसाशी. दादाने तुलना कशाशी केली? ॲपच्या भावाशी. तो भाव वापरणाऱ्याचा नाही, व्यापाऱ्याचा आहे. त्याला गाडी पुसूनपासून, कागदपत्रं करून, नफा ठेवून पुढे विकायचीय, आणि न दिसलेल्या दोषाची जोखीमही भावातच कापून घ्यायचीय. गंमत म्हणजे पुढे विकण्यासाठी घेतलेल्या मालात हा परिणाम अपेक्षितच नाही, असं त्या तिघांनी स्वतः लिहून ठेवलंय. म्हणजे दादाच्या ४५,००० आणि दोन लाखांतल्या दरीचा एक तुकडा तर निव्वळ व्यापाऱ्याची दलाली आहे. त्याला मानसशास्त्र कशाला हवं?

बरं, 'बाजारभाव' म्हणजे तरी कुठला? विमा कंपनीचं आयडीव्ही बघा. गाडी सहा महिन्यांच्या आतली असेल तर किमतीतून ५ टक्के घट, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. आणि पाच वर्षांनंतर? तक्ता संपतो. तिथून पुढे कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवायचं. जुन्या गाडीची किंमत बोलून ठरते हे खुद्द विम्याच्या नियमांनी मान्य केलंय! भंगाराचा हिशेब आणखी निराळा: स्क्रॅपिंग धोरणात नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के धरलेत. आणि आपल्या आधीच्या पिढीला विचारलंत तर उलटाच बाजार ऐकायला मिळेल. आकुर्डीच्या बजाज स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागायचं तेव्हा वापरलेली स्कूटर नव्या स्कूटरच्या छापील किमतीपेक्षा महाग विकली जायची. तेव्हा मालकाला ती 'उगाच' महाग वाटत होती असं कोणी म्हटलं नाही.

दादा परत गेल्यावर एका रविवारी मी टेप घेऊन वाड्याचा दरवाजा मोजला. पाच फूट आठ इंच, म्हणजे सुमारे १,७२७ मिलिमीटर. मारुती ८०० ची रुंदी १,४४० मिलिमीटर. आरसे मिटले की दोन्ही बाजूंना वीत-वीतभर नसली तरी चौदा-चौदा सेंटिमीटर जागा राहते. वॅगन आर १,६२० ची, तिला पाच-पाच सेंटिमीटर. काका म्हणतात त्यात त्यांचं काळीज मावणार नाही. नवी अल्टो के१० मात्र जाते, ती १,४९० ची आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. म्हणजे पर्याय आहे, पण तो ४५,००० चा नाही, काही लाखांचा आहे. आणि नवी ८०० पुण्यात २०१० च्या एप्रिलपासून मिळणंच बंद झालं, भारत स्टेज-४ लागू झालं तेव्हा. कारखान्यात ती बनणं थांबलं जानेवारी २०१४ मध्ये.

इथे मायकेल हॅनेमनचा १९९१ चा पेपर वाचा, 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मधला. गणित थोडं जड आहे, पण मुद्दा एका वाक्यात सांगता येतो: एखाद्या वस्तूला जवळचा पर्याय जितका कमी, तितकं 'सोडायला किती घ्याल' आणि 'मिळवायला किती द्याल' यांतलं अंतर वाढू शकतं, आणि त्यासाठी कोणी अविवेकी असायची गरज नाही. कपाला पर्याय होता, दुकानात ६ डॉलरला.

तुम्ही म्हणाल, त्याच वयाची दुसरी ८०० घेता येईल की ४५,००० च्या आसपास. घेता येईल. पण ती गाडी कोणीतरी विकायला काढलेली असेल. का काढली, ते तुम्हाला माहीत नाही. जॉर्ज अकरलॉफचा १९७० चा 'लेमन्स'चा पेपर हेच सांगतो: घेणाऱ्याला चांगली-वाईट ओळखता येत नाही म्हणून तो सरासरी भाव देतो, आणि त्या भावाला चांगल्या गाडीचा मालक विकतच नाही. काकांच्या गाडीचा क्लच कधी बदलला, टाकीतला गंज कधी काढला, सगळं वहीत आहे. ॲपला ती वही दिसत नाही. म्हणून काकांनी नकार देणं हे अकरलॉफच्या मॉडेलमध्ये अगदी बरोबर वागणं आहे.

मग मालकीच्या मायेचा भाग शून्य? तसंही म्हणणार नाही. दरवर्षी गणपती त्याच गाडीतून येतो, आणि स्टीअरिंगचं कव्हर काकूंनी विणलंय. पण ती माया मोजायची तर पेपरातला तिसरा गट हवा, मालकी काढून घेतलेला मालक. मी काकांवर प्रयोग केला. "समजा ही गाडी तुमची नाही. कोणीतरी म्हणालं, गाडी घ्या नाहीतर रोख घ्या. किती रोख मिळाली तर गाडी सोडाल?" काका म्हणाले, "हीच गाडी ना? मग माझीच की ती, अगं."

हसू नका, ही पद्धतीचीच अडचण आहे. कप एकसारखे होते म्हणून एक तुम्हाला देता आला आणि तसाच दुसरा दाखवता आला. सोळा-सतरा वर्षं वापरलेल्या वस्तूच्या बाबतीत मालक नसलेला तोच माणूस कुठून आणायचा? इगॉर कोपिटॉफने १९८६ मध्ये वस्तूंच्या चरित्राबद्दल लिहिलं, त्यात उदाहरण म्हणून आफ्रिकेतली मोटारगाडीच घेतली आहे: कोणी घेतली, पैसा कुठून आला, कोण वापरतं, कुठल्या मेकॅनिककडे जाते. हा शेवटचा प्रश्न वाचताना मला मार्ग सापडला.

मी काकांच्या मेकॅनिकला गाठलं. गाडी त्याला काकांइतकीच माहीत, पण ती त्याची नाही. विचारलं, तुम्ही केवढ्याला घ्याल? थोडा विचार करून म्हणाला, "सत्तरपर्यंत जाईन." म्हणजे ४५,००० ते ७०,००० हा तुकडा माहितीचा असावा. त्याच्या वरचा तुकडा म्हणजे दरवाज्यातून जाणारी दुसरी गाडी शोधायचा खर्च, काकूंचे गुडघे, आणि माया. ते अजून वेगळं करता आलेलं नाही. एका गाडीवरून निष्कर्ष निघत नाही, आणि मेकॅनिकही शेवटी थोडा व्यापारीच. पण प्रश्नावलीत 'जाणकार पण मालक नसलेला' हा रकाना असावा, एवढं मला त्यातून मिळालं.

चार्ल्स प्लॉट आणि कॅथरीन झायलर यांनी २००५ मध्ये दाखवलं की सराव दिला, उत्तर गुप्त ठेवलं आणि खरं बोलण्यातच फायदा आहे हे नीट समजावलं, तर कपांच्या बाबतीतही अंतर नाहीसं होतं. पुढे २०११ मध्ये इसोनी, लूम्स आणि सग्डेन यांनी तीच पद्धत वापरून दाखवलं की लॉटरीच्या तिकिटांत अंतर टिकतं. वाद मिटलेला नाही. म्हणून परीक्षेत 'एंडाउमेंट इफेक्ट सिद्ध झालेला आहे' असं लिहू नका, आणि 'खोडून काढला आहे' असंही नको.

आता माझी चूक. माझ्या पायलटमध्ये प्रश्न होता, "गाडी केवढ्याला विकाल?" आणि पुढे आकड्याची चौकट. बऱ्याच जणांनी सांगितलं, विकायची नाही. मी चौकट रिकामी ठेवली आणि डेटा साफ करताना त्या ओळी 'उत्तर नाही' म्हणून काढून टाकल्या. म्हणजे ज्यांच्यासाठी गाडी सर्वांत मोलाची, त्यांनाच बाहेर काढून मी मालकांच्या किमतीची सरासरी काढत होते. आरएसीच्या बैठकीत एका परीक्षकांनी एवढंच विचारलं, "नाही हे उत्तर नाही का?" घाम फुटणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं.

त्या ओळी मी परत आणल्यात. आकडा नसेल तिथे आता लोकांनी प्रत्यक्ष काय खर्च केला ते विचारते. काकांचंच बघा. २०२३ मध्ये पंधरा वर्षं पूर्ण झाली तेव्हा नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवली. एप्रिल २०२२ पासून खासगी मोटारीला त्यासाठी ५,००० रुपये लागतात, आधी ६०० होते. वर पर्यावरण कर, फिटनेससाठी केलेली कामं, आणि दरवर्षी १,००० सीसीच्या आतल्या गाडीचा थर्ड पार्टी विमा २,०९४ रुपये, अधिक जीएसटी. हे पैसे कोणी तोंडी सांगितलेले नाहीत, पावत्या आहेत. यातून गाडीचं पूर्ण मोल कळत नाही, पण ते निदान इतकं तरी आहे एवढं कळतं.

दादाला फोन करून सांगितलं, की मी मान डोलावली ती चूक होती. तो म्हणाला, "म्हणजे बाबा बरोबर?" मी म्हटलं, तेही मला माहीत नाही, मला एवढंच माहीत आहे की तो शब्द त्यांच्यावर लावण्याइतका पुरावा आपल्याकडे नाही. पार्किंगचा प्रश्न तसाच आहे. बिल्डरबरोबरचा करार व्हायचाय.

नवी प्रश्नावली मी पहिल्यांदा काकांनाच भरायला दिली. संध्याकाळी दाराखालून परत आली. आकड्याच्या चौकटीत आडवी रेघ, आणि 'विकणार नसाल तर कारण' या ओळीवर त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात: "सौ.ची फिजिओथेरपी, मंगळवार व शुक्रवार."