चंदू चॅम्पियन, चाकाची खुर्ची आणि कूस बदलणारे हात

२०२४च्या दिवाळीला मी पुण्याहून गावी, ढाणकीला आलो होतो. उमरखेडहून परत येताना अंधारात माझी मोटरसायकल रस्त्याखाली गेली. मांडीचं हाड मोडलं, कमरेच्या हाडाला दोन ठिकाणी तडा गेला. नांदेडला ऑपरेशन झालं, मांडीत रॉड बसला आणि सहा आठवडे पायावर भार टाकायचा नाही, असं सांगून मला घरी पाठवलं. मधल्या खोलीत पलंग टाकला गेला. मी, एक मोबाईल, एक लॅपटॉप आणि छतावरचा पंखा.

त्या दिवसांत मला सगळ्यात जास्त काय मिळालं असेल, तर ते मोटिव्हेशन. रोज सकाळी व्हॉट्सॅपवर उगवत्या सूर्याचा फोटो आणि त्याखाली जिद्दीवर दोन ओळी. कॉलेजच्या ग्रुपवरून, ऑफिसच्या ग्रुपवरून, मामाकडून. आणि जवळपास प्रत्येकाची एकच शिफारस होती : ‘चंदू चॅम्पियन’ बघ. बघितला. रडलोही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मला आधीपेक्षा वाईट वाटत होतं. असं का झालं याचा विचार मी त्यानंतर बरेच महिने करतोय. हा लेख त्यातून आलाय.

‘चंदू चॅम्पियन’ ही मुरलीकांत पेटकरांची गोष्ट. कबीर खानने दिग्दर्शित केलेला, कार्तिक आर्यनची मुख्य भूमिका असलेला हा चित्रपट १४ जून २०२४ला आला. पेटकर सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरजवळच्या पेठ गावचे. सैन्यात इएमई कोअरमध्ये होते आणि बॉक्सिंग करायचे. १९६५च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर निकामी झालं. मुंबईच्या नौदल रुग्णालयात, म्हणजे कुलाब्याच्या ‘अश्विनी’त, उपचार चालू असताना व्यायाम म्हणून त्यांनी पाण्यात उतरावं असं ठरलं. १९६८च्या तेल अवीव पॅरालिम्पिक्समध्ये ते टेबल टेनिस खेळले. १९७२ला जर्मनीतल्या हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांची जागतिक विक्रमी वेळ देऊन त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. पॅरालिम्पिक्समधलं ते भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण. मग आपण सगळे त्यांना विसरून गेलो. २०१८ला पद्मश्री मिळाली तेव्हा कुठे नाव परत ऐकू आलं.

चित्रपट म्हणून तो वाईट नाही, हे आधीच सांगतो. सुरुवातच छान आहे. म्हातारे पेटकर पोलीस ठाण्यात येतात आणि आपल्याला अर्जुन पुरस्कार दिला नाही म्हणून थेट माजी राष्ट्रपतींविरुद्ध तक्रार नोंदवून घ्या म्हणतात. श्रेयस तळपदेचा इन्स्पेक्टर आधी चक्रावतो, मग ऐकत बसतो. १९५२ला हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आलेल्या खाशाबा जाधवांचं स्वागत पाहून एक पोरगा ठरवतो की आपणही ऑलिम्पिकचं पदक आणायचं, आणि सगळे त्याला ‘चंदू’ म्हणून चिडवतात. विजय राजचा टायगर अली आणि राजपाल यादवचा टोपाझ ही दोन माणसं तर चित्रपट संपल्यावरही लक्षात राहतात. कार्तिक आर्यनने शरीरावर घेतलेली मेहनत दिसते. रडारड फारशी नाही. विनोद आहे.

माझी अडचण वेगळी आहे. युद्धाचा प्रसंग आठवा. काश्मीरमधल्या छावणीवर हल्ला होतो आणि कॅमेरा न थांबता पेटकरांच्या मागे धावत राहतो. सुमारे आठ मिनिटांचा हा एकसलग शॉट आहे आणि प्रदर्शनाच्या वेळी त्याची भरपूर जाहिरातही झाली होती. जखम कशी होते हे दाखवताना चित्रपट एकही कट घेत नाही. पुढे बरं होणं येतं तेव्हा मात्र सगळे कटच. महिने आणि वर्षं तुकड्यांत जातात. आत्ता माणूस पाण्यात धडपडतोय, पुढच्या तुकड्यात थोडा बरा पोहतोय, मागे संगीत चढत जातं आणि ते उतरतं तेव्हा तो तयार असतो.

वेळ वाचवण्यासाठी हे करावं लागतं हे मला कळतं. अडीच तासांत काही वर्षं बसवायची आहेत. पण काय ठेवायचं आणि काय कापायचं हा निर्णय असतो, आणि त्या निर्णयात मत असतं. इथलं मत असं आहे की जखम ही घटना आहे आणि बरं होणं हा निश्चय आहे. घटनेला वेळ लागतो. निश्चय एका क्षणात होतो, उरतो तो फक्त सराव. म्हणून घटनेला आठ मिनिटं सलग आणि बाकीचं गाण्यात.

पलंगावर पडून मी नेमकं उलटं बघत होतो. माझा अपघात दोन सेकंदांत आटोपला. मोटरसायकल उडाली, मी पडलो, संपलं. सलग, न कापता येणारा शॉट त्यानंतर सुरू झाला. पहिल्या आठवड्यात मला स्वतःहून कुशीवर वळता येत नव्हतं. आई आणि बाबा दोन्ही बाजूंनी उभे राहायचे. बाबा चादर ओढायचे, आई पाठीमागे उशी सरकवायची. रात्री दोनलाही. आई उठवायची नाही, नुसती म्हणायची, “पड बाबू, मी लोटते.” बेडपॅन कोणी दिला, कोणी धुतला, हे मी इथे लिहिणार नाही, पण वाचणाऱ्याने ते गृहीत धरावं. पाठीला जखम होऊ नये म्हणून डॉक्टरांनी कूस बदलत राहायला सांगितलं होतं. चित्रपट संपल्यावर मी आठवून पाहिलं : इतके महिने अंथरुणात असलेल्या मुरलीकांतची कूस कोण बदलत होतं? मला आठवेना.

ही बारीक गोष्ट वाटेल. ती बारीक नाही, आणि तिचा पॅरालिम्पिक्सशी थेट संबंध आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी पाठीचा कणा दुखावलेला माणूस बहुधा फार काळ जगत नसे. त्याला मारायचे ते अंथरुणात पडून होणारे व्रण आणि लघवीचे संसर्ग. १९४४ला इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल इथे लुडविग गुटमन या डॉक्टरने अशा सैनिकांसाठी विभाग सुरू केला. नाझी जर्मनीतून पळून आलेला हा ज्यू माणूस. त्याची एक शिस्त होती : प्रत्येक रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलायची, दिवसा आणि रात्रीही. माणसं जगू लागली. जगू लागली म्हणून मग त्यांना खेळवता आलं. २९ जुलै १९४८ला, लंडन ऑलिम्पिक सुरू झालं त्याच दिवशी, तिथल्या हिरवळीवर १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा झाली. पॅरालिम्पिक्सचं मूळ ते. म्हणजे ज्या स्पर्धेत पेटकरांनी सुवर्ण मिळवलं, तिच्या तळाशी कुणाची तरी जिद्द आहेच, पण त्याच्याही खाली रात्री दोन वाजता उठून रुग्णाला वळवणारे हात आहेत.

खऱ्या पेटकरांच्या वाटेवरही असे हात होते. लष्कराचं रुग्णालय होतं, उपचारात पोहणं आणणारे लोक होते. क्रिकेटपटू विजय मर्चंट तेव्हा अपंगांसाठी संस्थेचं काम करत, त्यांची मदत झाली. यातल्या कशानेही ३७.३३ सेकंद कमी होत नाहीत. पाण्यात हात त्यांनीच मारले. आमच्या धंद्यात रिलीज नोटवर एखाद्याचं नाव येतं, पण गिटचा लॉग उघडला की कळतं कमिट किती जणांचे आहेत. नाव असलेल्या माणसाचं काम त्यामुळे खोटं ठरत नाही. फक्त पुढच्या माणसाला कळतं की हे काम एकट्याने होत नसतं.

दुसऱ्या महिन्यात ताईने मला नसीमा हुरझूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ आणून दिलं. मी नाखुशीनेच उघडलं, आता पुस्तकातूनही मोटिव्हेशन नको म्हणून. कोल्हापूरच्या नसीमादीदींची गोष्ट अपघाताची नाही. ऐन सोळा-सतराव्या वर्षी आजाराने त्यांचं कमरेखालचं शरीर लुळं पडलं. पुढे त्यांनी अबकारी खात्यात नोकरी केली आणि १९८४ला सहकाऱ्यांबरोबर अपंगांसाठी संस्था उभी केली.

दोन्ही कलाकृतींची नुसती नावं शेजारी ठेवून पाहा. एकीचं नाव जिंकणाऱ्या माणसावर आहे, दुसरीचं एका वस्तूवर. खुर्चीला चाक लागतं, चाकाला उतार लागतो, उतार नसेल तिथे उचलणारा लागतो. नावातच इतरांची सोय आहे. आणि त्यांनी काढलेल्या संस्थेचं नाव ‘हेल्पर्स ऑफ द हँडीकॅप्ड’. आजच्या कानांना त्यातला ‘हँडीकॅप्ड’ खटकेल. पण पहिला शब्द बघा. संस्थेची ओळख मदत करणाऱ्यांच्या नावाने आहे.

या गोष्टीतला मला सगळ्यात जवळचा वाटलेला माणूस म्हणजे बाबूकाका दिवाण. तेही कमरेखाली अधू होते, तरी बदल करून घेतलेली गाडी स्वतः चालवत. नसीमादीदींना उभारी मिळाली ती त्यांना पाहून. टायगर अलीपेक्षा हा माणूस वेगळा आहे. टायगर अली काठावरून ओरडणारा कोच आहे. बाबूकाका त्याच पाण्यात आहेत, फक्त चार हात पुढे. “तू करू शकतेस” असं तोंडाने सांगायची त्यांना गरज नाही. ते गाडी चालवत येतात, तेवढं पुरतं.

पुस्तकातही उणिवा आहेत. संस्थेच्या कामाला त्यात इतकी जागा आहे की वाचणाऱ्याला हे आत्मचरित्र कमी आणि वृत्तान्त जास्त वाटू शकेल. चढत्या संगीताची सवय झालेल्या आपल्या पिढीला ते संथ वाटेल. पण मला त्या संथपणात माझी मधली खोली दिसली. तिथेही काहीच घडत नव्हतं आणि रोज कुणीतरी येत होतं.

आमच्या शेजारी शिवणकाम करणारे एक काका आहेत. वॉकर घेऊन उभं राहायची परवानगी मिळाल्यापासून ते रोज चार वाजता मशीन बंद करून यायचे. मी पहिल्या दिवशी घाबरलो, पाय थरथरत होता. ते म्हणाले, “आज तुळशीपावतर जाऊ. उद्याचं उद्या पाहू.” तुळस दारापासून नऊ पावलांवर आहे. आम्ही चार पावलं गेलो आणि परत आलो. तुळशीपर्यंत पोचायला सहा दिवस लागले. सहाही दिवस त्यांचं वाक्य तेच होतं, आवाजही तोच. मी पोचलो तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. “चहा सांग आईले,” म्हणाले.

तेव्हा मला कळलं की ‘चंदू चॅम्पियन’ पाहून वाईट का वाटलं होतं. माझ्याकडे तो निश्चयाचा क्षण नव्हता. मी कुठल्याही रात्री मुठी आवळून काही ठरवलं नाही. बऱ्याच सकाळी मी व्यायामाला नाही म्हटलं, चिडलो, आईवर ओरडलो. चित्रपटाच्या हिशेबाने मी नापास होतो. आणि तरी मी बरा होत होतो, कारण माझ्या वाटची जिद्द बाकीचे आळीपाळीने करत होते.

हे नुसतं माझ्या मनाला लागलेलं नाही. नांदेडला तपासणीला गेलो की बाहेरच्या बाकावर एक माणूस भेटायचा. बांधकामावरून पडलेला, जवळपास माझ्याच वयाचा. त्याच्या ऑपरेशनला माझ्यापेक्षा दोन आठवडे जास्त झाले होते, पण गुडघा वाकत नव्हता. बायको रोज मजुरीला जायची, घरी लहान पोरं, व्यायाम करवून घेणारं कोणी नाही, फिजिओथेरपीला यायचं म्हणजे त्याची आणि सोबतच्या माणसाची रोजी बुडणार. त्याच्याही मोबाईलवर सूर्याचा फोटो आणि जिद्दीच्या ओळी येत असणारच. त्याच्यात जिद्द कमी होती असं म्हणायची माझी हिंमत नाही. तो दुखऱ्या पायाने दोन एसट्या बदलून यायचा. मी गाडीत मागच्या सीटवर आडवा होऊन यायचो.

जिद्दीच्या गोष्टींची खरी अडचण इथे आहे. जो उठला तो जिद्दीने उठला असं एकदा मान्य केलं, की जो उठला नाही त्याची जिद्द कमी पडली हेही आपोआप मान्य होतं. मग उतार बांधायला नको, गावाजवळ फिजिओथेरपिस्ट नको, सोबत येणाऱ्याची बुडालेली रोजी भरून द्यायला नको. एक चित्रपट दाखवला की काम झालं.

१७ जानेवारी २०२५ला मुरलीकांत पेटकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार मिळाला. पदकानंतर ५२ वर्षांनी. ती बातमी मी ओट्यावर, वॉकर शेजारी ठेवून मोबाईलवर पाहिली आणि मनापासून आनंद झाला. चित्रपटाने त्यांचं नाव घरोघरी नेलं, याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. चित्रपट हाही पाठीमागे सरकवलेली एक उशी असू शकतो.

आता मी पुण्यात आहे, काठीशिवाय चालतो, थंडीत मांडी दुखते. तुमच्या ओळखीत कोणी असं पडून असेल, तर त्याला ‘चंदू चॅम्पियन’ जरूर पाठवा. फक्त लिंक पाठवून थांबू नका. चार वाजता जा.