चाल कोणाची आणि नाटक कोणाचे?

संगीत नाटकाचा चाहता आवडत्या संगीतकाराविषयी जितके बोलतो, त्याहून जास्त नावडत्याविषयी बोलतो. आमच्या घरी हे मी लहानपणापासून ऐकत आले. अब्बांचा रेडिओवरच्या नाट्यसंगीतावर जीव. शेजारचे काका निवृत्त शिक्षक आणि बालगंधर्वांचे भक्त. जितेंद्र अभिषेकींच्या चालीचे पद लागले की काका हमखास म्हणायचे, "भाईसाहेब, बंद करा हो! हे कसले नाट्यगीत? हे तर भावगीत झाले." अब्बा हसून उत्तर देत, "मास्तर, तुमच्या गंधर्वांचे एक पद संपेपर्यंत आमची इशाची नमाज उरकायची." मग चहा येई आणि वाद तिथेच राही.

आज मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. एखादी मुलगी म्हणते, "मिस, नज़्म पसंद नहीं आई." मी विचारते, "क्यों?" तिला उत्तर शोधावे लागते. नाट्यसंगीताच्या रसिकांना हा "क्यों" क्वचितच कोणी विचारतो.

थोडा इतिहास पाहू. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये 'शाकुंतल' आणले, पाठोपाठ 'सौभद्र'. त्यांच्या पदांना साकी, दिंडी, लावणी, कीर्तन यांतल्या ओळखीच्या चाली होत्या. १९११ मध्ये खाडिलकरांचे 'मानापमान' आले. त्याला गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या. त्यांत पूरबेकडची ठुमरी, दादरा, कजरी यांचा रंग होता. कोठीवरचे गाणे गंगेकाठाहून मराठी रंगमंचावर आले आणि घरंदाज नायिकेच्या तोंडी बसले. १९१६ च्या 'स्वयंवर'साठी भास्करबुवा बखले यांनी थेट ख्यालाच्या बंदिशींचा आधार घेतला. फैज महंमद खाँ, नत्थन खाँ, अल्लादिया खाँ या उस्तादांकडे भास्करबुवांनी तालीम घेतली होती. १९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा'त केशवराव भोळे यांनी पदे मोजकी ठेवली आणि चाली भावगीताच्या वळणाच्या केल्या. १९६४ च्या 'मत्स्यगंधा'पासून अभिषेकींचे पर्व सुरू झाले.

यांतल्या प्रत्येकावर नाराज असणारे रसिक मला भेटले आहेत. कोणी म्हणतो, टेंब्यांनी चाली बाहेरून उचलल्या. कोणी म्हणतो, बखल्यांनी नाटकाची मैफल केली. भोळे कोणाला पातळ वाटतात, अभिषेकी कोणाला सुगम. नीट ऐकले तर या तक्रारींच्या मुळाशी एकच वाक्य सापडते : "हे आपले नाही."

या वाक्याची मला भीती वाटते. आमच्या समाजाला ते गाण्याच्या बाहेरही पुष्कळदा ऐकावे लागते. म्हणूनच एक कबुलीही द्यायला हवी. बरीच वर्षे टेंब्यांच्या चाली मला आवडायच्या त्या एवढ्याचसाठी, की त्यांत मला 'आपल्यांचे' गाणे ऐकू यायचे. बखल्यांचे गुरू खाँसाहेब होते हे कळले, तेव्हा मी ते काकांना जिंकल्यासारखे सांगून आले. काका म्हणाले, "बेटी, गुरूंची नावे सांगितलीस. पण ते पद रुक्मिणीला शोभते की नाही, ते सांग ना!"

माझ्याकडे उत्तर नव्हते. काका चाल 'परकी' म्हणून नाकारत होते आणि मी 'आपली' म्हणून डोक्यावर घेत होते. दोघांच्याही हातात मोजपट्टी एकच होती, फक्त आम्ही ती उलटसुलट धरली होती. चाल कोठून आली हे सांगणे म्हणजे तिची जन्मकुंडली मांडणे. नाटकात येऊन तिने काय केले, हे पाहिल्याशिवाय तिची समीक्षा होत नाही.

या कसोटीवर काही नावडी टिकतात, काही गळून पडतात. 'स्वयंवर'मध्ये पदांमुळे कथानक थांबते, ही तक्रार मला रास्त वाटते. पण तिचा सगळा भार बखल्यांवर टाकता येत नाही. संगीतकाराने मुखडा आणि रागाची वाट दिली. त्या वाटेवर किती वेळ फिरायचे हे गाणारा नट ठरवत होता, आणि 'वन्समोर'चा पुकारा करणारा प्रेक्षक त्याला परत फिरू देत नव्हता. रसिकांनीच लांबवलेल्या पदाचा दोष रसिक संगीतकाराला देतात, हे विसरू नये.

भोळ्यांवरचा राग मात्र टिकत नाही. 'आंधळ्यांची शाळा' हे नॉर्वेच्या ब्यर्नसनच्या नाटकावरून श्री. वि. वर्तकांनी रचलेले घरगुती नाटक. दिवाणखान्यात बसलेली सुशिक्षित मुलगी ताना मारीत बसली असती, तर नाटकाचे हसे झाले असते. तिथे पातळ चाल हीच खरी चाल.

आता अभिषेकी. १९६७ मध्ये पुरुषोत्तम दारव्हेकरांचे 'कट्यार काळजात घुसली' आले. अब्बांना त्यातले गाणे प्रिय, पण गोष्ट खटकायची. अहंकारी कोण, तर खाँसाहेब. लपून विद्या मिळवावी लागते ती पंडितांच्या शिष्याला. अब्बा म्हणायचे, "गाना अच्छा है, मगर दिल दुखता है." त्यांचे दुखणे मला खोटे वाटत नाही. पण त्याच नाटकात अभिषेकींनी एक पद दोन चालींत बांधले आहे. शब्द तेच, एक चाल पंडितांच्या घराण्याची, दुसरी खाँसाहेबांची. खाँसाहेबांची चाल हलकी किंवा उर्मट करणे सोपे होते. अभिषेकींनी तसे केले नाही. दोन्ही चाली ऐकताना श्रेष्ठ कोण हे ठरवता येत नाही, आणि नाटकातला झगडा निरर्थक आहे हे संवादांच्या आधी कानांना कळते. गोष्टीने खाँसाहेबांचे जे माप कमी केले, ते चालीने भरून दिले. ज्यांना हे नुसते भावगीत वाटते, त्यांनी ते पद नाटकातून तोडून रेडिओवर ऐकलेले असते. आम्हीही तसेच ऐकत होतो.

हे मी काकांना सांगितले तेव्हा अब्बा हयात नव्हते. काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "भावगीतच आहे ते. पण दोन्ही चाली पुन्हा एकदा लाव."

नावड असावी, जरूर असावी. रसिकाला नावडच नसेल, तर त्याच्या आवडीवर तरी विश्वास कसा ठेवायचा? पण तिला "क्यों?" विचारावे. उत्तरादाखल घराण्याचे, धर्माचे किंवा जमान्याचे नाव येत असेल, तर पद पुन्हा एकदा ऐकावे, आणि शक्य तर नाटकासकट ऐकावे.