नवा मदरबोर्ड आणि परीक्षणाचे निकष

संगणकाच्या सुट्या भागांचे परीक्षण हा आता लेखनाचा एक स्वतंत्र प्रकारच होऊन बसला आहे. त्याला स्वतःची परिभाषा आहे, ठरीव रचना आहे आणि स्तुतीच्या विशेषणांचा एक ठरीव संचही आहे. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने त्यात लक्ष का घालावे, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर व्यवहारातच आहे. मोठ्या शब्दसंग्रहांवर काम करणारा आपला विद्यार्थी तयार यंत्र विकत घेण्याऐवजी सुटे भाग जुळवून यंत्र उभे करू पाहतो. काशीमीऱ्यासारख्या ठिकाणी राहणारा असा विद्यार्थी मीरा रोडला लोकल पकडून ग्रँट रोडला उतरतो व लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. भडकमकर मार्गावर, दुकाने पालथी घालतो, तेव्हा त्याच्या हाती मार्गदर्शक म्हणून ही परीक्षणेच असतात. ती चुकीच्या गोष्टी मोजत असतील, तर त्याची मर्यादित शिष्यवृत्ती चुकीच्या ठिकाणी खर्च होते. म्हणून शौकिनांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या मदरबोर्डांच्या एका वर्गाचे परीक्षण प्रस्तुत लेखात करावयाचे आहे, आणि ते करताना परीक्षणाचे निकषही तपासावयाचे आहेत.

उदाहरणादाखल ‘एक्स ८७० ई’ हा वर्ग घेऊ. एएमडी कंपनीचे रायझन ९००० मालिकेतील प्रोसेसर ऑगस्ट २०२४ मध्ये बाजारात आले, आणि त्यांच्या जोडीला म्हणून हे मदरबोर्ड सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस आले. नाव नवे व आकडा मोठा असल्याने आतील वस्तूही नवी असेल असा ग्राहकाचा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. या बोर्डावरील चिपसेट दोन चिपांचा बनलेला असून २०२२ सालच्या ‘एक्स ६७० ई’ या बोर्डावरही त्याच जातीच्या दोन चिपा होत्या. नवे ते एवढेच की यूएसबी ४ ही जोडणी आता अनिवार्य करण्यात आली. त्याहून बोधप्रद उदाहरण ‘ई’विरहित ‘एक्स ८७०’ चे आहे. जुन्या ‘एक्स ६७०’ वर दोन चिपा होत्या, नव्या ‘एक्स ८७०’ वर एकच आहे. म्हणजे नावातील आकडा वाढला आणि चिपांची संख्या निम्म्यावर आली. ध्वनिरूप व संकल्पना यांचा संबंध यादृच्छिक असतो, हे सोस्यूरचे तत्त्व आपण वर्गात शिकवतो. परंतु येथील नाव यादृच्छिक नाही, ते हेतुपुरस्सर चढत्या क्रमाने बेतलेले आहे. परीक्षकाचे पहिले कर्तव्य नावाखालील वस्तू उघडी करून दाखविणे हे होय, आणि नेमके तेच बहुधा परीक्षणाच्या शेवटच्या परिच्छेदात ढकलले जाते.

दुसरा प्रश्न मार्गिकांचा. या प्रोसेसरकडून पीसीआय एक्स्प्रेसच्या २८ मार्गिका निघतात. त्यांपैकी ४ चिपसेटकडे जातात व २४ उरतात. ग्राफिक्स कार्डाने १६ घेतल्या की हाती ८ राहतात, आणि त्यांतच जलद साठवणीचे भाग व यूएसबी ४ यांची सोय लावावी लागते. म्हणून या वर्गातील अनेक बोर्डांवर एक सोय वापरली की दुसरीच्या वाट्याच्या मार्गिका कमी होतात. चिपसेटच्या दोन्ही चिपा एकामागोमाग जोडलेल्या असल्यामुळे त्यांच्यापलीकडील सर्व भागांना त्या पहिल्या ४ मार्गिकांवरूनच ये-जा करावी लागते. खोक्यावरील यादीत मात्र सर्व सोयी एकाखाली एक, जणू एकाच वेळी लाभणाऱ्या, अशा छापलेल्या असतात.

स्मृतीचीही तीच गत आहे. वेगाचे आकडे ८००० च्या वर जाऊन पोहोचलेले जाहिरातीत दिसतात. एएमडीने या मालिकेसाठी अधिकृतपणे सांगितलेला वेग मात्र दोन पट्ट्या बसविल्या असता ५६०० आणि चारही जागा भरल्या असता ३६०० असा आहे. शब्दसंग्रहावर काम करणाऱ्यास वेगापेक्षा स्मृतीचा विस्तार अधिक लागतो, आणि चारही जागा भरण्याचा मोह त्यालाच होतो. त्याने मोठ्या क्षमतेच्या दोनच पट्ट्या घ्याव्यात, हा साधा सल्ला कोणत्याही आलेखापेक्षा अधिक मोलाचा आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. प्रोसेसर तोच व विजेच्या मर्यादा त्याच ठेवल्या, तर केवळ मदरबोर्ड बदलल्याने वेगात पडणारा फरक अत्यल्प असतो. तरीही परीक्षणांत बोर्डांची क्रमवारी वेगावरूनच लावली जाते. मग पहिला क्रमांक मिळवायचा कसा? उघड उपाय म्हणजे मर्यादाच सैल करणे. इंटेलच्या १३ व्या व १४ व्या पिढीच्या प्रोसेसरांबाबत हेच घडले. त्यांतील वरच्या दर्जाच्या प्रोसेसरसाठी इंटेलने कमाल २५३ वॅटची मर्यादा सांगितली असताना अनेक बोर्डांवर कारखान्यातूनच ४०९६ वॅट हा आकडा घातलेला असे; म्हणजे व्यवहारात मर्यादा नव्हतीच. पुढे हे प्रोसेसर अस्थिर होऊ लागल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या. २०२४ मध्ये इंटेलने कारणांची जी मीमांसा प्रसिद्ध केली, तीत आपल्याच सूक्ष्मसंकेतातील दोष मान्य केले, आणि मदरबोर्डांवरील मार्गदर्शनाबाहेरच्या वीजमांडणीचाही समावेश केला. दुरुस्ती आली, हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली गेली. पण आधीच झिजलेला प्रोसेसर दुरुस्तीने पूर्ववत होत नाही. एएमडीचा गोटही यातून सुटला नाही. एप्रिल २०२३ मध्ये रायझन ७००० एक्स३डी जातीचे काही प्रोसेसर बोर्डावरील बैठकीसह जळाल्याचे उघडकीस आले, आणि त्यानंतर एका अंतर्गत विद्युत्‌दाबावर १.३ व्होल्टची कमाल मर्यादा घालण्यात आली.

या दोन्ही प्रसंगांत परीक्षकांचा वाटा कोणता होता, हा प्रश्न टाळता येणार नाही. पहिल्या दिवशी वेग मोजून गुण देणारी पद्धत मर्यादा ओलांडणाऱ्या बोर्डाला बक्षीस देते व मर्यादा पाळणाऱ्याला मागे टाकते. दोष उत्पादकाचा खरा, परंतु त्याला तो लाभदायक करून देणारे मोजमाप परीक्षकाचे होते.

येथे एक आक्षेप संभवतो. शौकीन ग्राहक मर्यादा ओलांडण्यासाठीच असा बोर्ड घेतो. मग उत्पादकाने ती सोय दिली तर बिघडले कोठे? आक्षेप अर्धाच खरा आहे. जाणूनबुजून केलेली निवड वेगळी आणि न सांगता घातलेली मूळ मांडणी वेगळी. व्याकरणात विकल्प असतो, तेव्हा तो विकल्प म्हणून नोंदवावा लागतो. विकल्पालाच नियम म्हणून छापले तर शिकणाऱ्याची दिशाभूल होते. बायॉसमध्ये मर्यादा सैल करण्याची सोय असावी, पण ती वापरकर्त्याने स्वतः सुरू करावी.

मदरबोर्डाचे खरे मूल्य तो इतरांसाठी काय मोकळे ठेवतो यात असते, असे माझे मत आहे. याचा पुरावा आपल्या मराठीच्याच इतिहासात आहे. १९८१ च्या मूळ आयबीएम पीसीवर जोडकार्डांसाठी पाच स्लॉट होते. ते ठेवणाऱ्यांच्या मनात मराठी असण्याचे काही कारण नव्हते. तरीही आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले आणि १९८८ मध्ये पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये वाढलेले ‘जिस्ट’चे कार्ड अशाच स्लॉटमध्ये बसले, आणि इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रणालींतून भारतीय लिप्या वापरता येऊ लागल्या. १९९१ च्या इस्की या भारतीय मानकात ळ व ऱ यांना स्वतंत्र स्थान होते. ‘दर्या’ व ‘दऱ्या’ यांतील भेद जपणाऱ्या भाषेला या व्यवस्थेचे महत्त्व सांगावे लागत नाही. पुढे युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरूनच आली व त्या कार्डाची गरज उरली नाही. परंतु ज्या काळात गरज होती, त्या काळात एका मोकळ्या स्लॉटने आपले काम केले. आजच्या शौकिनांच्या बोर्डावर लांब स्लॉट बहुधा दोन-तीनच असतात, त्यांवर जाड ग्राफिक्स कार्डाचे आच्छादन पडते, आणि बाकीची जागा शोभेच्या धातूने व दिव्यांनी व्यापलेली असते.

मोकळेपणाचा दुसरा अर्थ कालाचा आहे. इंटेलची २०२१ मधील बैठक तीन पिढ्यांनंतर, २०२४ मध्ये, बदलली. एएमडीची एएम४ ही बैठक याहून दीर्घायुषी ठरली. मे २०२० मध्ये तिच्या जुन्या बोर्डांना पुढील प्रोसेसर चालणार नाहीत असे कंपनीने जाहीर केले, तेव्हा ग्राहकांनी विरोध केला, आणि त्याच महिन्यात कंपनीला तो निर्णय फिरवावा लागला. एएम५ ला २०२७ पर्यंत व पुढेही आधार देण्याचे वचन दिलेले आहे. ‘एक्स ८७० ई’ ची सर्वांत भक्कम बाजू हीच; आणि हाच लाभ त्याच बैठकीच्या स्वस्त बोर्डालाही मिळतो, हे लक्षात घेतले म्हणजे महाग बोर्डाचा दावा बराच दुबळा होतो.

तेव्हा निर्णय असा. ज्यास यूएसबी ४ व साठवणीचे अनेक जलद भाग खरोखर लागतात, त्याने हा बोर्ड घ्यावा, मार्गिकांचा तक्ता आधी वाचावा आणि विजेच्या मर्यादा स्वतः तपासाव्यात. संशोधक विद्यार्थ्याने त्याच बैठकीचा साधा, हवेशीर बोर्ड घेऊन उरलेला पैसा स्मृतीवर आणि यूपीएसवर खर्च करावा. परीक्षकांकडून अपेक्षा तीनच आहेत : नावाखालील वस्तू प्रथम सांगावी, सर्व बोर्डांवर समान मर्यादा ठेवूनच वेग मोजावा, आणि वर्षभराने त्याच बोर्डाविषयी पुन्हा लिहावे. तिसरी अपेक्षा सर्वांत कठीण आहे, कारण तोवर बाजारात नवे नाव आलेले असते. तथापि २०२३ व २०२४ चे अनुभव पाहता तिच्यावाचून पहिल्या दोहोंना पूर्णता नाही.