'नोवाक' : आडनावाचा अर्थ आणि वंशाचा पुरावा

शब्दाची व्युत्पत्ती आणि कुळाचा इतिहास हे दोन प्रश्न स्वभावतः भिन्न आहेत. चेक आडनावांचा विचार करताना मात्र त्यांची गल्लत पुष्कळदा होते. चेक प्रजासत्ताकात सर्वांत अधिक आढळणारे 'नोवाक' हे आडनाव ह्याचे ठळक उदाहरण होय.

ह्या शब्दाच्या अर्थाविषयी वाद नाही. चेक 'नोवी' म्हणजे नवा. संस्कृत 'नव' ह्या शब्दाशी त्याचे नाते उघड आहे. 'नोवाक' म्हणजे गावात नव्याने आलेला माणूस. योसेफ बेनेश ह्यांचा १९६२ मधील चेक आडनावांवरील ग्रंथ आणि दोब्रावा मोल्दानोवा ह्यांचा १९८३ मधील आडनावांचा कोश ही ह्या क्षेत्रातील महत्त्वाची साधने होत. परंतु अशी साधने शब्द उलगडून दाखवितात. कुळ शोधून देत नाहीत. वंशावळीचा हौशी अभ्यासक त्यांच्यावर नेमका हाच भार टाकतो.

तीस वर्षांच्या युद्धात (१६१८–१६४८) ओसाड पडलेल्या शेतवाड्यांवर जे नवे कुळवाडी आले, ते सारे 'नोवाक' झाले, ही उपपत्ती आकर्षक आहे. १६५४ च्या सुमारास झालेल्या बोहेमियाच्या करपाहणीत ओसाड आणि नव्याने वसलेल्या वाड्यांची नोंद आहे, हेही खरे. तथापि नवा माणूस प्रत्येक काळी आणि प्रत्येक गावी येतच असतो. पोलंडमध्ये 'नोव्हाक' आणि स्लोव्हेनियात 'नोवाक' हीच सर्वाधिक प्रचलित आडनावे आहेत; सर्बियात तर हे चौदाव्या शतकापासून व्यक्तिनामही आहे. ह्यावरून एकाच मुळापासून झालेला प्रसार सिद्ध होत नाही. अनेक ठिकाणी झालेली स्वतंत्र निर्मितीच सूचित होते.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. सम्राट दुसरा जोसेफ ह्याच्या १७८६ च्या आज्ञेने आडनाव वंशपरंपरेने कायम होण्यापूर्वी बोहेमियाच्या खेड्यांत नाव पुष्कळदा घराला चिकटलेले असे. विवाहाने किंवा खरेदीने वाडी मिळविणारा पुरुष त्या वाडीचे नाव धारण करी, आणि चर्चच्या नोंदवहीत एकाच व्यक्तीची दोन नावे 'उर्फ' जोडून येत. अशा स्थितीत नाव टिकले म्हणून रक्तसंबंध टिकला, असे म्हणता येत नाही. उलट नाव बदलले म्हणून कुळ खुंटले, असेही ठरत नाही.

स्थलांतराने हा गुंता वाढविला. अमेरिकेत स्वराच्या दीर्घत्वाची खूण गळून चेक, स्लोव्हेन आणि क्रोएट कुटुंबांचे 'नोवाक' लेखनात एकरूप झाले. १९३३ साली शिकागोत जन्मलेली अभिनेत्री किम नोवाक चेक वंशाची होती, हे तिच्या कुटुंबाच्या माहितीवरून कळते, आडनावाच्या वर्णांवरून नव्हे.

तात्पर्य, विरळ आडनावाच्या बाबतीत एक मूळ गृहीत धरून शोध आरंभणे क्षम्य ठरेल. 'नोवाक'च्या बाबतीत ते सदोषच होय. येथे चर्चच्या नोंदी आणि जहागिरीच्या जमिनीच्या वह्या ताडून प्रत्येक घराण्याचा माग पिढी-दर-पिढी काढावा लागतो. आडनाव हा त्या शोधाचा आरंभ आहे, निष्कर्ष नव्हे.