उसनी लय

टेक्सासमध्ये जन्मलेला गायक जॉनी नॅश याने स्वतः रचलेले ‘आय कॅन सी क्लिअरली नाऊ’ हे गीत १९७२ साली अमेरिकेत चार आठवडे अग्रस्थानी होते. त्याची लय जमैकाच्या रेगे संगीतातली. परक्याची लय घेणे म्हणजे नक्कल, हे मत आम्हांस मान्य नाही. रेगेत गिटारचा आघात दोन ठोक्यांच्या मधोमध पडतो. पाऊस सरला, तरी वाटेतले अडथळे नाहीसे झाल्याचे नॅश सांगत नाही. ते आता दिसतात, एवढेच सांगतो. हा संयत आनंद त्या थबकत्या लयीमुळेच खरा वाटतो. पुढे १९९३ साली जमैकाच्याच जिमी क्लिफने हे गीत गाइले. ज्या घरची लय उसनी घेतली, त्या घराने गाणेच आपले म्हणावे, याहून फेडीची चोख पावती ती कोणती?