भांडी कुणी फोडली? : ज्यू गूढविद्या आणि रोजचे जगणे

व्यक्तिमत्त्व विकासाच्या इंग्रजी-हिंदी पुस्तकांत ‘कब्बाला’ हा शब्द अधूनमधून भेटतो. ही ज्यू लोकांची गूढविद्या. मनगटाला लाल दोरा, सकाळी ध्यान आणि वर एक सिद्धान्त : ईश्वरी प्रकाश अमर्याद आहे, तुम्ही पात्र आहात, पात्र जेवढे मोठे, तेवढे मिळेल. मिळाले नाही, तर पात्रात खोट आहे.

हे वाक्य पुण्या-मुंबईत कदाचित निरुपद्रवी ठरेल. यवतमाळात ते तसे राहत नाही. 2017 साली इथल्या कापसावर गुलाबी बोंडअळी पडली आणि त्याच हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन आमच्या जिल्ह्यात शेतकरी-मजूर दगावले. त्यांच्या घरच्यांना ‘पात्र लहान होते’ असे कोण सांगणार? आणि मुळात ही विद्या तसे सांगते का? मी हिब्रूचा जाणकार नाही; अनुवाद आणि अभ्यासकांचे ग्रंथ यांवरच माझी भिस्त आहे. पण एवढ्या सामग्रीवरूनही उत्तर ‘नाही’ असेच येते.

भांड्यांची मूळ कथा सोळाव्या शतकातली, गॅलिलीतल्या सफेद गावची. तिथे आयझॅक लुरिया (1534–1572) यांनी शिकवले ते शिष्य हाईम व्हिताल यांनी लिहून ठेवले. सृष्टीला जागा व्हावी म्हणून अनंत ईश्वर आकुंचन पावला. मग प्रकाश भांड्यांत उतरला. तो न पेलून भांडी फुटली आणि ठिणग्या साऱ्या जगात विखुरल्या. त्या वेचून जग पुन्हा सांधणे हे माणसाचे काम. त्याला ‘तिक्कुन’, म्हणजे दुरुस्ती, म्हणतात. गेर्शोम शोलेम यांनी या कथेमागे 1492 साली स्पेनमधून झालेली ज्यूंची हकालपट्टी पाहिली. मोशे इडेल यांना हा संबंध इतका सरळ वाटत नाही. वाद राहो, आपल्यापुरता मुद्दा असा की, भांडी फुटली ती माणूस जन्माला येण्याआधी. फुटणे हा कुणा एकाचा दोष नाही, सांधणे मात्र सगळ्यांचे काम आहे. आजच्या पुस्तकांनी नेमके उलटे केले : फुटणे एकट्याच्या माथी मारले आणि सांधण्यातून शेजाऱ्याला वगळले.

ही पुस्तके ज्यांच्या विचाराशी नाते सांगतात, ते रब्बी येहुदा अश्लग (1885–1954) ‘घेण्याच्या इच्छे’विषयी बोलत, हे खरे. पण ती इच्छा देण्याच्या इच्छेत पालटावी, हा त्यांचा आग्रह होता. आज पहिले अर्धे वाक्य विकले जाते, दुसरे गाळले जाते.

मग ही विद्या लोकांपर्यंत जाऊच नये काय? हा प्रश्न महाराष्ट्रात एकदा प्रत्यक्ष उभा राहिला होता. पुण्याचे बगदादी ज्यू आणि थिऑसॉफिकल सोसायटीचे सभासद अब्राहम डेव्हिड इझिकेल यांनी 1887 साली ‘झोहर’ या महाग्रंथातील ‘इद्रा झुता’ हा भाग आपल्या समाजाच्या बोलीत, हिब्रू अक्षरांतल्या अरबीत, आणून पुण्यात छापला. रब्बी शिमोन बार योहाई अखेरच्या दिवशी शिष्यांना रहस्ये सांगतात, असा हा भाग. बगदादच्या धर्मगुरूंनी त्याविरुद्ध आवाज उठवला : असे ज्ञान बाजारात मांडायचे नसते.

आम्हा वैदर्भीयांना हा पेच परका नाही. ‘झोहर’ स्पेनमध्ये पसरू लागला त्याच सुमारास, 1290 साली, ज्ञानेश्वरी मराठीत सांगितली गेली. महानुभावांनीही धर्म मराठीतच सांगितला. पण पुढे पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत झाकल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी सकळ लिपीची किल्ली शोधली. त्या पोथ्यांच्या अभ्यासासाठी आमच्या यवतमाळात डॉ. य. खु. देशपांडे यांनी शारदाश्रमातून कष्ट घेतले. ज्ञान उघडे झाल्याने ते उथळ झाले नाही. म्हणून मी इझिकेल यांच्या बाजूचा. फक्त एक अट : पूर्ण उघडा, सोयीचे तेवढेच नको.

आणि रोजच्या जगण्यातला उपयोग? त्याचे उदाहरण कोकणात आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्राएल मराठीच बोलत. नवस फेडताना, मंगलकार्यात ते मलिदा करतात : भिजवलेले पोहे, खोबरे, गूळ वा साखर, फळे. एलियाहू संदेष्ट्याचे स्मरण होते आणि ताट सर्वांत वाटले जाते. मलिदा हा कब्बालाचा विधी नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण लुरियांना ज्याच्याकडून रहस्ये उमगली असे परंपरा मानते, तो हाच एलियाहू. तिथे गूढ उकलणारा, इथे पोह्यांच्या ताटाशी आठवला जाणारा. त्या ताटातले एकट्याने खायचे नसते.

आत्मविकासाच्या पुस्तकाला म्हणून मी एकच कसोटी लावतो. ते वाचून झाल्यावर, पीक बुडालेल्या शेजाऱ्याच्या दारी मी त्याची चूक दाखवायला जातो, की त्याच्यासोबत बसायला? पहिले घडत असेल, तर त्या पुस्तकाने आणखी एक भांडे फोडले.